वाळूच्या पेटीतला आयसीयू

मला लेप्टो, म्हणजे शेतातल्या साचलेल्या पाण्यातून येणारा ताप, झाला होता. एकोणीस दिवस मी दवाखान्यात होते, त्यातले नऊ दिवस श्वासाच्या मशीनवर. त्यातून वाचले. हा ताप पावसाळ्यात कसा येतो, काय काळजी घ्यायची, ते आमच्याकडे आरोग्य केंद्राच्या आशाताई घरोघर येऊन सांगतात. त्यात मी नव्याने काय भर घालणार? पण वाचून घरी आल्यावर मला जे झालं, त्याबद्दल मला कुणीच सावध केलं नव्हतं. घरी आल्यावर मी माझ्या नवऱ्याला घाबरू लागले. त्याच्या हातचं पाणी प्यायला घाबरायचे. तो पाठमोरा उभा राहिला की माझ्या तळहातांना घाम फुटायचा. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्यावर कधी आवाजसुद्धा चढवलेला नाही.

हे सांगणार कुणाला? सांगितलं तर वेड लागलं म्हणतील, म्हणून मी गप्प बसले. माझ्यासारखं आणखी कुणी कुठल्या घरात असंच गप्प बसलं असेल, तर त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

ताप

माझं नाव लुसी. वय चौपन्न. मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात, एसटी थांब्यापासून चार दुकानं सोडून माझं शिवणाचं दुकान आहे. शाळेचे गणवेश, ब्लाउज, आणि आमच्या चर्चमधल्या मुलींचे पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक. नवरा पास्कू एसटीच्या आगारात मेकॅनिक होता, आता निवृत्त झालाय. बोलायच्या बाबतीत अगदी कंजूष माणूस. एकच मुलगी, रीना, पुण्याला नोकरी करते.

त्या वर्षी लावणीला माणसं मिळाली नाहीत, म्हणून घरामागच्या शेतात आम्ही दोघांनीच भात लावलं. माझ्या टाचेला भेग होती. आशाताईंनी दिलेल्या गोळ्या मी कपाटावर ठेवल्या आणि विसरले. आठवड्याभराने ताप आला. पोटऱ्या इतक्या दुखायच्या की मशीनचं पायडल मारवेना.

"भात लावलस म्हणान अंग दुखता," पास्कू म्हणाला. "निज वायच."

तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहिलं तर डोळ्यांत रक्त उतरल्यासारखं दिसत होतं. पास्कूने मला स्कूटरवर बसवून कट्ट्याच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोटरी नुसती दाबली आणि मी किंचाळले. मग त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं आणि ते पास्कूशी बोलू लागले. आजारपणातली माझी पहिली भीती हीच. डॉक्टर रोग्याशी बोलायचं सोडून घरच्यांशी बोलायला लागले की समजावं.

"पास्कू, हिका आत्ताच्या आत्ता व्हर," ते म्हणाले. "घराकडे जाव नको. कपडे मागसून आण."

सरकारी दवाखान्यात रक्त घेतलं, आणि दुपारपर्यंत मला गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरलं. त्या अँब्युलन्समध्ये माझा श्वास आत जात होता, पण कुठे पोचत नव्हता. मी पास्कूला तसं सांगायला गेले आणि तोंडातून आवाजच आला नाही. पास्कू स्ट्रेचरचा दांडा धरून खिडकीबाहेर बघत होता. तिथून पुढचं मला जे आठवतं, ते खरं नव्हे असं आता सगळे सांगतात.

खण

माझं माहेर देवबागचं. भावाची मासेमारीची होडी आहे, चुलत्यांचा ट्रॉलर होता. ट्रॉलरच्या पोटात एक खण असतो, त्यात मासे बर्फात भरून ठेवतात. लहानपणी एकदा मी त्या खणात डोकावले होते. वरून झाकणाचा चौकोन, आत थंडी, आणि ओळीने निजलेले डोळे उघडे असलेले मासे.

आयसीयूत मी त्या खणात होते. मला तसं वाटत होतं असं नाही, मी होतेच. अंगाखाली बर्फ होता. हात दोरीने बांधले होते. आजूबाजूला माणसं ओळीने निजवली होती, काही हलत होती, काही हलत नव्हती. रबरी एप्रन घातलेल्या बायका फिरत होत्या आणि माझ्यावर वाकून कोकणीत काहीतरी सांगत होत्या. मला त्यातला एकच शब्द कळायचा, दोळे. डोळे. मला वाटायचं, ताजा मासा डोळ्यांवरून ओळखतात तशा त्या मला बघताहेत. एका बाजूला इंजिन चालू होतं, एका लयीत, कधीच न थांबणारं. बोट समुद्रात लांब चालली होती, आणि आम्हा सगळ्यांना कुठेतरी उतरवून देणार होते.

आणि वर, झाकणाच्या चौकोनात पास्कू उभा होता. निळा झगा घातलेला. एका माणसाने त्याच्यापुढे कागद धरला. पास्कूने सही केली. मी त्याच्याकडे बघत होते. ओरडत होते. त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. सही करून तो निघून गेला.

डॉक्टर याला भ्रम म्हणतात. तापाने, औषधांनी, मशीनवर असताना माणसाला असं काहीबाही दिसतं. पण स्वप्न जागं झाल्यावर विरतं, हे विरलं नाही. आजही माझ्या लग्नाच्या दिवसापेक्षा मला तो चौकोन जास्त स्पष्ट आठवतो.

घरी

घरी आले तेव्हा माझं वजन इतकं उतरलं होतं की पास्कूने मला उचलूनच पायऱ्या चढवल्या. शेजारीपाजारी जमले. सगळे म्हणत होते, पास्कूने काय सेवा केली, एकोणीस दिवस दवाखान्याचं बाकडं सोडलं नाही. मी हसून मान हलवत होते, आणि माझं अंग त्याच्या हातांत लाकडासारखं ताठ झालं होतं.

रीना महिनाभर रजा घेऊन राहिली होती. तिच्या हातचं मी खायची. एकदा ती म्हणाली, "मम्मी, पप्पांन पेज केल्यान, खा गो." मी वाटी हातात घेतली, ती आत गेल्यावर खिडकीतून पेज बाहेर ओतली, आणि रिकामी वाटी पुढे ठेवली. पास्कू मागच्या दारी लाकडं फोडत होता. खिडकीखाली सांडलेली पेज त्याने पाहिली असणार.  दुसऱ्या दिवसापासून त्याने पेज करून, ती रीनाने केली असं सांगायला लावून, तिच्या हातून पाठवायला सुरुवात केली, आणि मला ते तेव्हा कळलंही नाही.

मला कळत होतं की हे खरं नाही. हे मला नीट सांगायचं आहे, कारण लोकांना वाटतं की अशा माणसाचं डोकंच चालत नाही. माझं डोकं चालत होतं. डोकं म्हणायचं, हा पास्कू आहे, याने तुला वाचवलं. आणि अंग म्हणायचं, पळ. दोघांत अंगाचा जोर जास्त.

रीना पुण्याला परत गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. दुपारी तीनच्या सुमाराला घर अगदी शांत व्हायचं, आणि फ्रिज सुरू झाला की त्याच्या घरघरीने मी भिंतीला टेकून उभी राहायची. मासेवाल्याच्या टेम्पोचा हॉर्न वाजला की दार लावून घ्यायची. देवबागहून भाऊ बांगडे घेऊन आला, पिशवीत बर्फ होता. मी ती पिशवी त्याच्या हातातून घेऊन अंगणात फेकली. भाऊ बघतच राहिला.

बस

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. पास्कू जेवणाच्या टेबलाशी माझ्याकडे पाठ करून उभा होता. गॅस कनेक्शनचा काहीतरी फॉर्म आला होता. तो वाकून सही करत होता.

मी चप्पल न घालता घरातून बाहेर पडले. रस्त्याने धावत बाजारात आले. थांब्यावर मालवणची एसटी उभी होती, तिच्यात चढले आणि मधल्या सीटवर बसले. आम्हाला ओळखणारी निम्मी माणसं होती गाडीत. पास्कू मागून स्कूटरवर आला आणि दारात उभा राहिला. मी कंडक्टरला ओरडून सांगितलं, "हेका गाडयेत घेव नका! हेका घेव नका!"

"लुसी, उतर गो," पास्कू हळूच म्हणाला. "लोक बगतत."

कंडक्टर पास्कूच्या आगारातला, त्याला दादा म्हणणारा. तो एकदा माझ्याकडे बघत होता, एकदा पास्कूकडे. तीस वर्षं एसटीत काढलेला माझा नवरा त्या एसटीच्या पायरीवर उभा होता आणि त्याला वर यायची परवानगी नव्हती. मग तोच मागे सरला. "ऱ्हवांदे तिका," तो कंडक्टरला म्हणाला, आणि जाऊन आमच्या डॉक्टरांना घेऊन आला.

डॉक्टर माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले. गाडी सुटायला वेळ होता. ते म्हणाले, "लुसी, थंय दवाखान्यात तुका काय दिसला, ता माका सांग."

हे मला पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. तोवर सगळे म्हणायचे, झालं गेलं विसर, देवाने वाचवलं. मी रडायला लागले आणि वेड लागल्याची मनातली भीती बोलून टाकली. "डॉक्टर, मी पिशी झालंय काय?"

"नाय. मशीनवरसून घराक इलेल्या बऱ्याच जणांका असा होता. कोण सांगणत नाय, इतक्याच."

त्या वाक्यासाठी मी त्यांचे उपकार जन्मभर मानेन. त्यांनीच मला कुडाळला समुपदेशन करणाऱ्या श्रद्धाकडे पाठवलं.

पोरांची खोली

श्रद्धा माझ्या रीनाच्या वयाची. कुडाळला एका जुन्या घराच्या खालच्या मजल्यावर तिची खोली होती. मी दारातूनच परत फिरणार होते, कारण खोली पोरांची होती. बुटक्या खुर्च्या, रंगीत खडू, मातीचे गोळे, प्लॅस्टिकची जनावरं, आणि मधोमध एका मोठ्या लाकडी पेटीत समुद्राची वाळू.

"काकी, बरोबर जागी आलात," ती म्हणाली. "मी जास्त करून मुलांबरोबरच काम करते. पण भीती मोठ्या माणसांनाही तोंडाने सांगता येत नाही. हाताने सांगता येते का ते बघू."

तिने मोठा कागद आणि खडू पुढे ठेवले. काहीही काढा म्हणाली. मी शर्टाच्या कॉलरचा कटिंगचा नमुना काढला. दुसऱ्या मंगळवारी बाहीचा. माझा हात त्या रेषा झोपेतही काढतो, आणि त्या काढत असताना तरी मला भीती वाटत नव्हती. श्रद्धाने तिसऱ्यांदा कागद दिला. मी खिसा काढायला चौकोन काढला. काढला आणि माझा हात थांबला. तो खिसा नव्हता. मी निळा खडू घेतला आणि चौकोनात एक माणूस काढला. चेहरा काढला नाही.

चित्र काढलं की मन मोकळं होतं असं लोक सांगतात. मला त्या दिवशी ओकारी आली. दात वाजायला लागले, ऑक्टोबरच्या उकाड्यात. श्रद्धाने मला पाय जमिनीवर घट्ट टेकवायला सांगितलं, हातात मातीचा गोळा दिला आणि दाबत राहा म्हणाली. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "हे चित्र मला घरी न्यायला लागेल?"

"अजिबात नाही. ते इथे राहील." तिने ते चित्र फाइलमध्ये घातलं, फाइल लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवली.

तुम्ही हसाल, पण पुढचे दोन आठवडे मी तिला दुपारी फोन करून विचारायची, "श्रद्धा, कपाट बंद आहे ना?" ती एकदाही हसली नाही. "थांबा हं काकी, बघून सांगते," म्हणायची. उठून गेल्याचा आवाज यायचा. "बंद आहे."

मग वाळू आली. वाळूत मी बोट केली, काडेपेट्यांच्या खाटा मांडल्या, त्यावर रबरी मासे निजवले. बोलायला लागत नव्हतं, म्हणून जमत होतं. बोटीच्या काठावर, माझ्या खाटेपासून चार बोटांवर, मी एक लाकडी खुंटी उभी केली.

"हा कोण?" श्रद्धाने विचारलं.

मी म्हटलं, "पास्कू."

"काय करतोय?"

"सही."

श्रद्धा म्हणाली, "काकी, त्या दिवसांत काका खरंच कुठे उभे होते, हे तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, त्यांना इथे बोलावू या, त्यांच्या बाजूचा दवाखाना त्यांना मांडू दे. मी नाही म्हटलं. महिनाभर नाही म्हणत राहिले. मला भीती होती ती अशी की त्याने येऊन ती खुंटी मी ठेवली होती तिथेच ठेवली, तर?

पास्कू खेळायला येतो

शेवटी मी हो म्हटलं आणि श्रद्धाने त्याला फोन केला. संध्याकाळी तो मला म्हणाला, "माका खेळूक बोलवल्यान? एकसष्ट वर्सां झाली माका." पण मंगळवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता. मी मात्र बसने गेले, तो स्कूटरवरून एकटा आला. तोवर मी त्याच्या मागे स्कूटरवर बसत नव्हते.

त्या बुटक्या खुर्चीत तो बसला तेव्हा त्याचे गुडघे छातीशी आले. श्रद्धाने वाळू सारखी करून ठेवली होती. बाजूला काडेपेट्या, झाकणं, सुतळी, बाहुल्या. "काका, आयसीयू कसा होता, तो मांडून दाखवाल?"

पास्कूने हाताने वाळू सपाट केली, आणि त्याच्यातला मेकॅनिक जागा झाला. एक एक काडेपेटी मोजून ठेवली. "सात खाटी. ही तिसरी खाट तुझी." बाटलीचं झाकण उशाशी ठेवलं. "ह्या मशीन." सुतळीचा तुकडा झाकणापासून खाटेपर्यंत नेला. श्रद्धाने मदत म्हणून दाराची फळी उभी केली, ती त्याने उचलली. "दार हंय नाय. दार थंय, डाव्या बाजूक. तेका वरती काच होती. चौकोनी."

चौकोनी.

"तू काचेतसून बगी होतस?" मी विचारलं. चार महिन्यांत मी त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"नऊ दिवस."

मग मी एकेक विचारत गेले आणि तो सांगत गेला. दोऱ्या? "तू नळी ओढलस म्हणान तुझे हात बांदल्यानी. कापडाच्या पट्ट्यांनी." बर्फ? "ताप उतरा नाय म्हणान. काखेत बर्फाच्यो पिशयो ठेयत." रबरी एप्रनवाल्या बायका? "नर्सी त्यो. एक गोंयची होती, ती सारखी तुका सांगी, मावशे, दोळे उगड. दोळे उगड." आणि इंजिन? पास्कूने झाकणावर बोट ठेवलं आणि मशीनचा आवाज काढून दाखवला. अगदी तसाच. त्याचंही ते कानात बसलं होतं.

माझी ती लाकडी खुंटी श्रद्धाच्या हातात होती. तिने ती पास्कूपुढे धरली. "काका, हे तुम्ही. पहिल्या दिवशी कुठे होतात?"

पास्कूने खुंटी घेतली. त्याने ती दाराच्या आत, तिसऱ्या खाटेपासून चार बोटांवर उभी केली. मी वाळूत जिथे उभी केली होती, तिथेच.

 मी दाराकडे बघितलं. दार उघडं होतं, श्रद्धा ते नेहमी उघडं ठेवायची. "तुया सही केलस?" मी विचारलं.

पास्कू माझ्याकडे न बघता म्हणाला, "सही मी केलंय."

"खंयच्या कागदार?"

"नळी घालूच्या कागदार. डॉक्टर म्हणालो, घातली तरी वाचात असा सांगूक येवचा नाय. घातली नाय तर सांज होवची नाय." तो वाळूत बोटाने रेघ मारत राहिला. "माका कागद वाचूक येय ना. अक्षरां दिसत होती, पण वाचूक येय ना. पयली सही चुकीच्या जागेर केलंय. तेनी दुसरो कागद आणल्यानी."

"तू माझ्याकडे बगलस नाय."

"तुझे डोळे उघडे होते," पास्कू म्हणाला. "तू माझ्याकडेच बगी होतस. तुझ्याकडे बगून माझ्यान सही होवची नाय होती."

म्हणजे ते खरं होतं. बोट खोटी, बर्फाचा खण खोटा, पण तो सही करत होता, आणि मी बघत होते, आणि त्याने माझ्याकडे बघितलं नव्हतं, एवढं सगळं खरं होतं. सगळे मला सांगत होते की काहीच घडलं नव्हतं. त्यामुळेच मी कुणाचं काही मानू शकत नव्हते.

मला त्याची दया आली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला. इतका राग की माझा आवाज चिरकला. "तरी बगूक होया होता तुया! एकदा तरी!"

"होय," पास्कू म्हणाला. "होया होता."

मी ती खुंटी उचलली आणि वाळूत खोचली. खोचत राहिले, वरून वाळू ओढली, थापली. खुंटी दिसेनाशी झाली. चौपन्न वर्षांची बाई नवऱ्यादेखत त्याला वाळूत पुरत होती. पास्कू बघत राहिला. श्रद्धाने मला थांबवलं नाही, की समजूत घातली नाही. वेळ संपल्यावर तिने विचारलं, "हे असंच ठेवू?"

"असंच ठेव," मी म्हटलं.

पुढच्या मंगळवारपर्यंत

तो आठवडा आम्ही घरात फारसं बोललो नाही, पण ते न बोलणं वेगळं होतं. शुक्रवारी त्याने पेज केली आणि पहिल्यांदाच स्वतः माझ्यासमोर आणून ठेवली. मी अर्धी खाल्ली.  तो समोर बसून दुसरीकडे बघत होता. मी म्हटलं, "हयसर बग." त्याने बघितलं. फार वेळ नाही जमलं त्याला, पण बघितलं.

मंगळवारी तो पुन्हा आला. श्रद्धाने पेटीवरचं फडकं काढलं. वाळू तशीच होती, मी थापलेली. पास्कूने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "माका अजून हंयच पुरून ठेयलस? आता तरी भायर काडतलस काय?"

मी आजारानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसले, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते मला कळलं नाही. खुंटी मी बाहेर काढली. कुठे ठेवायची ते मात्र मला त्या दिवशी ठरवता आलं नाही. मी ती हातातच धरून बसले.

त्यानंतरही आम्ही तीन महिने जात राहिलो. पास्कूही चित्रं काढायचा. त्याची चित्रं म्हणजे नुसतं एक बाकडं. लांब, रिकामं, दवाखान्याच्या वऱ्हांड्यातलं. वेगवेगळ्या रंगांत तो तेच काढायचा. एकदा श्रद्धाने विचारलं, या बाकड्यावर कोणी बसलंय का? तो म्हणाला, "मी बसलंय. पण माका काडूक येणत नाय."

भीती पूर्ण गेली असं मी कुणाला सांगणार नाही. बर्फ अजून सहन होत नाही. फ्रिज आम्ही मागच्या खोलीत हलवला आहे. देवबागला गेले तरी मी किनाऱ्यावर जात नाही. पण आता स्कूटरवर पास्कूच्या मागे बसते आणि त्याच्या पाठीकडे बघू शकते.

ज्यांच्या घरी कुणी आयसीयूतून परत आलं असेल, त्यांना एवढंच सांगते. त्या माणसाला विसर म्हणू नका. तुला काय दिसलं, ते विचारा, आणि ते कितीही विचित्र असलं तरी ऐकून घ्या. त्यातलं काय खरं होतं तेही त्याला सांगा, तुमची लाज वाटत असली तरी. आणि कुणी खडू पुढे ठेवले, वाळू दिली, तर मी मोठी आहे म्हणून उठून जाऊ नका.

जून

यंदाच्या जूनमध्ये मला पुन्हा ताप आला. यंदा शेतात पाऊल ठेवलं नव्हतं, गोळ्या वेळेवर घेतल्या होत्या, तरी सकाळी उठले तर अंग तापलेलं. मी बसल्या जागी पोटरी दाबून बघितली. दुखली. खरंच दुखली की भीतीने, ते कळेना. पास्कू दारात उभा होता. त्याला मी काही सांगितलं नव्हतं, पण मी पोटरी दाबताना त्याने पाहिलं होतं.

बाजारातल्या लॅबमध्ये रक्त दिलं. रिपोर्ट दुपारी मिळणार होता. घरी जाऊन परत यायचं त्राण दोघांनाही नव्हतं, म्हणून समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. चहा मागवला, तो कुणीच प्यायलं नाही. मी श्वास मोजत होते. प्रत्येक श्वास पोचतोय ना, ते बघत होते. मला वाटत होतं, आता पुन्हा अँब्युलन्स, पुन्हा मशीन, पुन्हा तो खण, आणि या वेळी मी बाहेर येणार नाही.

दोन वाजून गेल्यावर लॅबच्या मुलीने हाक मारली. साधा ताप होता. बाकी सगळं ठीक. डॉक्टरांनीही कागद पाहून तेच सांगितलं, आणि गोळ्या लिहून दिल्या.

बाहेर आलो. पास्कूने स्कूटरची किल्ली काढली, पण ती लागेना. दोनदा हातातून पडली. तो तसाच स्कूटरला टेकून उभा राहिला.

"वायच ऱ्हव," तो म्हणाला. "पाय थरथरतत."

मी त्याच्या शेजारी उभी राहिले. बाजार चालू होता. मालवणची एसटी आली, माणसं उतरली. आगारातला त्याचा जुना सोबती छत्री झाडत समोरून आला आणि त्याला तसा उभा बघून थांबला.

"काय रे पास्कू? काय झाला?"

मला वाटलं, तो नेहमीसारखा काय नाय म्हणेल आणि किल्ली फिरवेल. पास्कूने माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"काय नाय रे," तो म्हणाला. "भियालंय."